विश्लेषण : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालेल का? याचे उत्तर कुठे आणि कसे शोधायचे?

विंडोज १० चा आधार संपल्यानंतर सुस्थितीतील लाखो संगणकांसाठी लिनक्स हा मोफत पर्याय सुचवला जातो. मात्र वायफाय, प्रिंटर, वेबकॅम चालणार की नाही, हे आधी पाहिले नाही तर चालता संगणक बंद पडल्यातच जमा होतो. ही माहिती देणाऱ्या ‘हार्डवेअर सुसंगतता याद्या’ कोण तयार करते, त्या कशा वाचायच्या आणि त्यांवर किती विसंबायचे, याविषयी…

हा प्रश्न आताच का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत, पण सुरक्षेतील त्रुटी दुरुस्त करणारी नेहमीची अद्ययावने थांबली. घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अद्ययावनांची योजना कंपनीने जाहीर केली, पण ती तात्पुरती सोय आहे. विंडोज ११ वर जायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ही पिढी २०१७ मध्ये बाजारात आली. म्हणजे त्याआधीचे बहुतेक लॅपटॉप, ते कितीही नीट चालत असले तरी, अधिकृतपणे विंडोज ११ च्या बाहेर राहतात.

कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता की, या बदलामुळे जगभरातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. यातील बऱ्याच संगणकांचा पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर ठणठणीत आहे. मुलांचा अभ्यास, कार्यालयीन पत्रव्यवहार, ऑनलाइन फॉर्म भरणे अशा कामांना ते पुरेसे आहेत. अशा वेळी ‘लिनक्स टाका’ असा सल्ला मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. कोणत्या यंत्रावर, कोणते लिनक्स आणि कोणते काम, हे तीन प्रश्न त्यात गाळलेले असतात.

विंडोजमध्ये न पडणारा प्रश्न लिनक्समध्येच का?

संगणकातील प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी कार्यप्रणालीला एक छोटा दुभाषा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजचा वाटा बाजारात मोठा असल्याने वायफाय चिप किंवा प्रिंटर बनवणारी कंपनी स्वतःच विंडोजचा ड्रायव्हर लिहून देते. दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर तो आधीच बसवलेला असतो. त्यामुळे ‘हा भाग चालेल का’ हा प्रश्न ग्राहकापर्यंत येतच नाही. तो कारखान्यात सुटलेला असतो.

लिनक्समध्ये हे काम वाटले गेले आहे. इंटेल आणि एएमडीसारख्या कंपन्या आपल्या बहुतेक चिपांचे ड्रायव्हर स्वतः लिहून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, देतात. काही कंपन्या केवळ तांत्रिक माहिती पुरवतात आणि ड्रायव्हर इतर लिहितात. काही जण माहितीही देत नाहीत. तेव्हा चिप कोणत्या आदेशाला कसा प्रतिसाद देते, हे बाहेरून तपासत ड्रायव्हर लिहावा लागतो. ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या वायफाय चिपांसाठीचा ‘बी४३’ हा ड्रायव्हर याच वाटेने तयार झाला. कंपनीने आपला मुक्तस्रोत ड्रायव्हर आणला तो २०१० मध्ये.

आज लिनक्स कर्नेलचा पसारा सुमारे ४ कोटी ओळींचा आहे आणि त्यातील निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांचाच आहे. त्यामुळे बहुतेक जुने लॅपटॉप काहीही वेगळे न बसवता सुरू होतात. विंडोजप्रमाणे प्रत्येक भागाची सीडी शोधावी लागत नाही. पण जो एखादा भाग राहतो तो नेमका वायफायचा असेल, तर इंटरनेटच नाही आणि इंटरनेट नाही म्हणून ड्रायव्हरही उतरवता येत नाही, अशी कोंडी होते. ती टाळण्यासाठीच सुसंगतता यादी लागते.

सुसंगतता यादी म्हणजे काय?

‘अमुक यंत्र किंवा भाग या कार्यप्रणालीवर चालतो का, किती चालतो आणि त्यासाठी काय करावे लागते’ याची लेखी नोंद म्हणजे हार्डवेअर सुसंगतता यादी. लिनक्सच्या बाबतीत अशी पहिली नोंद खुद्द जनकाचीच म्हणावी लागेल. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची पहिली जाहीर माहिती दिली. त्यातच त्यांनी सांगून टाकले होते की, ती ३८६ प्रकारच्या संगणकांसाठी आहे, इतर यंत्रांवर सहज नेता येणारी नाही आणि आपल्याकडे आहे त्या प्रकारच्या हार्ड डिस्कखेरीज इतर कशावर ती बहुधा चालणार नाही.

त्या कबुलीत चांगल्या नोंदीची सगळी लक्षणे होती. कशावर करून पाहिले, कशावर नाही आणि का नाही, हे तीनही त्यात होते. पुढे वापरणारे वाढले, तशी १९९० च्या दशकात ‘लिनक्स हार्डवेअर कम्पॅटिबिलिटी हाऊ-टू’ ही मार्गदर्शिका तयार झाली. मदरबोर्ड, साउंड कार्ड, मोडेम, सीडी ड्राइव्ह असे एकेक प्रकरण करून त्यात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या वस्तूंची नावे दिलेली असत. कार्ड विकत घेण्यापूर्वी ती यादी पाहणे हा तेव्हाच्या वापरकर्त्यांचा शिरस्ता होता.

वस्तूचे नाव पुरेसे का नाही?

अशा यादीत सर्वात मोठी फसगत होते ती खोक्यावरच्या नावामुळे. टीपी-लिंक कंपनीचे ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ हे यूएसबी वायफाय उपकरण याचे चपखल उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉस कंपनीची ‘एआर९२७१’ ही चिप होती. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असल्याने उपकरण जोडताक्षणी चालत असे. साहजिकच लिनक्सवाल्यांनी त्याची भरभरून शिफारस केली. नंतर आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने रिअलटेकची चिप घातली. नाव तेच, रूप जवळपास तेच, पण आतली चिप आणि तिला लागणारा ड्रायव्हर पूर्ण वेगळा. जुनी शिफारस वाचून नवे उपकरण घेणाऱ्यांची निराशा झाली. फरक ओळखण्याची खूण एकच होती. उपकरणावरील लेबलवर बारीक अक्षरात छापलेला आवृत्ती क्रमांक.

लॅपटॉपांतही हेच होते. एकाच मॉडेलमध्ये काही नगांत इंटेलचे वायफाय कार्ड असते, काहींत रिअलटेकचे, पुरवठा जसा असेल तसे. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या याच लॅपटॉपवर सगळे चालले’ हे विधान खरे असूनही आपल्याला लागू पडेलच असे नाही.

मग खरी ओळख कशी पटते?

संगणकाच्या आत जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला दोन क्रमांक असतात. पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या विशिष्ट चिपचा. दोन्ही चार-चार अंकी किंवा अक्षरी असतात. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे. तो त्यांच्या गाजलेल्या ८०८६ या प्रोसेसरवरून घेतलेला आहे. एएमडीच्या ग्राफिक्ससाठी १००२, एनव्हिडियासाठी ‘१०डीई’, रिअलटेकसाठी ‘१०ईसी’ असे क्रमांक दिसतात. कोणता ड्रायव्हर लावायचा हे कर्नेलसुद्धा मुख्यतः याच क्रमांकांवरून ठरवते. खोक्यावर काय लिहिले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

विंडोज अजून चालू असेल तर हे क्रमांक ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पाहता येतात. उपकरणावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’ आणि तिथे ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की कंपनी आणि चिप या दोन्हींचे क्रमांक समोर येतात. लिनक्समध्ये आतील उपकरणांसाठी ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबी उपकरणांसाठी ‘एलएसयूएसबी’ या कमांड आहेत. याद्यांमध्ये लॅपटॉपचे नाव शोधण्यापेक्षा हे क्रमांक शोधले तर मिळणारे उत्तर कितीतरी अधिक विश्वासार्ह असते.

या याद्या कोण तयार करते?

ढोबळमानाने त्यांचे चार प्रकार पडतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे.

पहिला प्रकार कंपन्यांच्या प्रमाणपत्रांचा. उबुंटू चालवणारी कॅनॉनिकल किंवा रेड हॅट या कंपन्या डेल, लेनोव्हो, एचपी यांची ठरावीक यंत्रे प्रयोगशाळेत तपासून प्रमाणित करतात. ही तपासणी काटेकोर असते, पण ती विशिष्ट आवृत्ती आणि विशिष्ट जोडणीपुरती असते. काही उबुंटू प्रमाणपत्रे केवळ उत्पादकाने आधीच बसवून दिलेल्या प्रतीला लागू असतात, हे तळाशी नमूद केलेले असते. शिवाय या यादीत व्यावसायिक श्रेणीचे लॅपटॉप जास्त आणि घरगुती स्वस्त लॅपटॉप कमी सापडतात.

दुसरा प्रकार प्रकल्पाच्या अधिकृत दस्तऐवजांचा. लिनक्सचा चुलत भाऊ म्हणता येईल अशा फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत प्रणालीची पद्धत यात नमुनेदार आहे. तिच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘हार्डवेअर नोट्स’ प्रसिद्ध होतात. त्यातील यादी वेगळी बसून लिहिली जात नाही. प्रत्येक ड्रायव्हरच्या माहितीपानात ‘हार्डवेअर’ असा विभाग असतो आणि त्यातूनच ही यादी तयार होते. माहिती ड्रायव्हरच्या शेजारीच राहत असल्याने ती शिळी होण्याची शक्यता कमी होते. ओपनबीएसडी हा दुसरा प्रकल्प वापरकर्त्यांना संगणक सुरू होतानाचा संदेश जसाच्या तसा पाठवण्याचे आवाहन करतो. त्यात कोणती चिप ओळखली गेली आणि कोणती नाही, हे आपोआप नोंदलेले असते.

तिसरा प्रकार सामान्य वापरकर्त्यांच्या नोंदींचा. ‘एचडब्ल्यू-प्रोब’ नावाचे साधन संगणकातील सर्व भागांची तपासणी करून ‘लिनक्स-हार्डवेअर’ या सार्वजनिक संग्रहात पाठवते. तिथे चिपच्या क्रमांकावरून शोध घेता येतो आणि इतरांच्या यंत्रांवर तो भाग चालला की नाही हे दिसते. संगणकाचे नाव, वापरकर्त्याचे नाव किंवा अनुक्रमांक मूळ रूपात पाठवले जात नाहीत, असे हे साधन स्पष्ट करते. तरीही अहवाल सार्वजनिक होतो, हे पाठवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

चौथा प्रकार एकेका विषयाच्या याद्यांचा. बोटांच्या ठशांच्या वाचकांसाठी ‘लिबएफप्रिंट’ प्रकल्पाची यादी आहे, तर प्रिंटरसाठी ‘ओपनप्रिंटिंग’चा संग्रह. ओपनप्रिंटिंगची वर्गवारी मजेशीर, पण प्रामाणिक आहे. उत्तम चालणारे, बहुतांशी चालणारे, अर्धवट चालणारे आणि चौथा वर्ग थेट ‘पेपरवेट’! अजिबात न चालणारा प्रिंटर कागदावर वजन म्हणून ठेवण्याच्याच लायकीचा, असा त्याचा अर्थ.

‘चालते’ म्हणजे नेमके काय चालते?

यादी वाचताना सर्वात जास्त सावध राहावे असा शब्द ‘चालते’ हाच आहे. पडदा उजळला, माउस हलला, इंटरनेट सुरू झाले की बरेच जण ‘सगळे चालते’ अशी नोंद करून मोकळे होतात. पण झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का आणि उघडल्यावर जागा होतो का? उजेड कमी-जास्त करणारी बटणे चालतात का? हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतो का? प्रोजेक्टर जोडला तर चित्र दिसते का? बॅटरी पूर्वीइतकी टिकते का? याची उत्तरे दोन-चार दिवस वापरल्यावरच कळतात.

या बाबतीत आसाही लिनक्स या प्रकल्पाचे दस्तऐवज आदर्श मानता येतील. अॅपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या चिपांवर लिनक्स आणण्याचे काम हा प्रकल्प करतो. अॅपल त्यासाठी तांत्रिक माहिती देत नसल्याने बहुतेक गोष्टी स्वतःच शोधून काढाव्या लागतात. प्रकल्पाच्या तक्त्यात आडवी-उभी मांडणी असते. एका बाजूला चिप आणि मॉडेल, दुसऱ्या बाजूला स्पीकर, मायक्रोफोन, कॅमेरा, बाहेरचा पडदा, थंडरबोल्ट, टच आयडी अशी एकेक सोय. प्रत्येक चौकटीत ती सोय कर्नेलच्या कोणत्या आवृत्तीपासून आहे किंवा अजून आलेली नाही, हे लिहिलेले असते. टच आयडी चालत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे. अशा तक्त्यावरून वाचक स्वतः ठरवू शकतो की, जे चालत नाही त्यावाचून आपले अडते का. एखाद्या शिक्षकाला ठसा वाचकाची गरज नसते, पण प्रोजेक्टरवाचून त्याचा वर्ग चालत नाही.

नोंदी जुन्या का होतात?

सुसंगततेची नोंद ही एका तारखेची नोंद असते. काळाबरोबर ती दोन्ही दिशांनी बदलते. बहुतेक वेळा परिस्थिती सुधारते. स्वस्त लॅपटॉपांत सर्रास आढळणारी ‘आरटीएल८८२१सीई’ ही रिअलटेकची वायफाय चिप एकेकाळी डोकेदुखी होती. बाहेरचा ड्रायव्हर आणून तो प्रत्येक कर्नेलबरोबर पुन्हा बसवावा लागे. पुढे तिचा आधार कर्नेलमध्येच आला. त्या काळात लिहिलेला ‘हा लॅपटॉप घेऊ नका’ हा सल्ला मात्र आजही शोधल्यावर सापडतो.

धोरणही बदलते. अनेक वायफाय आणि ग्राफिक्स चिपांना सुरू होताना फर्मवेअर नावाची एक फाइल द्यावी लागते आणि ती बहुधा मुक्तस्रोत नसते. डेबियन हा प्रकल्प तत्त्व म्हणून अशा फाइल आपल्या मुख्य प्रतीत ठेवत नसे. त्यामुळे नवख्यांचे वायफाय इन्स्टॉल करतानाच अडत असे. २०२२ मध्ये प्रकल्पातील सदस्यांनी मतदान घेऊन हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून या फाइल अधिकृत प्रतीतच मिळू लागल्या. त्याआधीच्या सूचना वाचून आज कोणी वेगळी फाइल शोधत बसला, तर तो वेळेचा अपव्यय ठरेल.

उलट दिशेचीही उदाहरणे आहेत. ज्या ३८६ प्रोसेसरवर लिनक्सचा जन्म झाला, त्याचा आधार २०१३ मध्ये आलेल्या ३.८ या कर्नेलपासून काढून टाकण्यात आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी नवी प्रत देणे थांबवले. एनव्हिडियाच्या जुन्या ग्राफिक्स कार्डांसाठी ३९० आणि ४७० या ड्रायव्हर शाखा होत्या, त्यांच्या सुधारणाही आता थांबल्या आहेत. कंपनीने मे २०२२ मध्ये कर्नेलशी बोलणारा आपला ड्रायव्हर मुक्तस्रोत केला, पण त्याचा लाभ तुलनेने नव्या कार्डांनाच होतो. म्हणून नोंद वाचताना तारीख आणि कर्नेलची आवृत्ती आधी पाहावी, बाकी मजकूर नंतर.

आपल्याकडे अडचण कुठे येते?

जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर, डिस्क, कीबोर्ड, टचपॅड यांची काळजी सहसा करावी लागत नाही. वेबकॅम आणि पेनड्राइव्हसारख्या वस्तूंसाठी ठरलेली प्रमाणके आहेत. ती पाळणारी उपकरणे एकाच सर्वसाधारण ड्रायव्हरवर चालतात. प्रश्न येतात ते प्रमाणकाबाहेरच्या वस्तूंचे.

त्यात पहिला मान प्रिंटरचा. भारतातील कार्यालये, शाळा आणि झेरॉक्सच्या दुकानांत एचपी लेझरजेट १०२० मोठ्या संख्येने आहे. या प्रिंटरच्या आत फर्मवेअर कायमस्वरूपी साठवलेले नसते. प्रत्येक वेळी बटण चालू केले की संगणकाला ते पाठवावे लागते. लिनक्सवर एचपीच्याच ‘एचपीलिप’ या संचाने तो चालतो, पण त्यासाठी एक वेगळे प्लगिन इंटरनेटवरून उतरवून घ्यावे लागते. हे माहीत नसल्यास प्रिंटर यादीत दिसतो, मात्र कागद बाहेर येत नाही. तितकाच लोकप्रिय कॅनन एलबीपी २९०० हा कंपनीच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ भाषेत बोलतो. त्यामुळे सर्वसाधारण ड्रायव्हर त्याला चालत नाही, वेगळा मिळवावा लागतो. अलीकडचे वायफाय प्रिंटर मात्र ‘ड्रायव्हरविना छपाई’चे प्रमाणक पाळतात आणि बहुधा सहज जोडले जातात.

दुसरा प्रकार दहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त, छोट्या लॅपटॉपांचा. इंटेलच्या अॅटम वर्गातील अशा काही यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटचा, पण संगणक सुरू करणारे फर्मवेअर ३२ बिटचे असे विचित्र मिश्रण आहे. नेहमीचा लिनक्सचा पेनड्राइव्ह त्यावर सुरूच होत नाही, त्यासाठी तशी सोय असलेली प्रत लागते. ध्वनी आणि वायफायच्या तक्रारीही या वर्गात जास्त आहेत. तिसरा प्रकार अगदी नव्या लॅपटॉपांचा. बाराव्या पिढीपासूनच्या काही इंटेल लॅपटॉपांतील कॅमेरे नेहमीच्या यूएसबी प्रमाणकाऐवजी वेगळ्या पद्धतीने जोडलेले असल्याने लिनक्सवर त्यांनी बराच त्रास दिला. जुने ते अवघड आणि नवे ते सोपे, असा सरळ हिशेब इथे चालत नाही.

चौथी बाब कामाची. कर भरणे, निविदा किंवा नोंदणीसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन किंवा आधारसाठी ठशांचे यंत्र वापरणाऱ्यांनी दोन पातळ्यांवर खात्री करावी. टोकन लिनक्सवर ओळखले जाते का, हा एक प्रश्न. संबंधित पोर्टलचे सही करण्याचे सॉफ्टवेअर लिनक्ससाठी उपलब्ध आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हो आणि दुसऱ्याचे नाही, असे असू शकते आणि तिथे कोणतीही हार्डवेअर यादी मदतीला येत नाही.

डिस्क पुसण्यापूर्वी काय करावे?

सर्वात भरवशाची यादी म्हणजे स्वतः करून पाहणे आणि त्याची सोय लिनक्समध्ये आहे. उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या प्रणाली पेनड्राइव्हवरून, डिस्कला हात न लावता चालवता येतात. याला ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. पुढील क्रम उपयोगी पडेल.

• प्रथम सर्व फोटो, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर घ्यावीत. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की जपून ठेवावी.

• विंडोज चालू असतानाच वायफाय, ग्राफिक्स आणि ध्वनी चिपांचे क्रमांक टिपून घ्यावेत. प्रिंटर आणि स्कॅनरचे पूर्ण मॉडेल लिहावे.

• ते क्रमांक याद्यांमध्ये शोधावेत. तारीख, कर्नेलची आवृत्ती आणि ‘काय चालत नाही’ हा भाग आधी वाचावा.

• पेनड्राइव्हवरून लाइव्ह प्रणाली सुरू करून वायफाय, आवाज, मायक्रोफोन, वेबकॅम, बाहेरचा पडदा, झाकण मिटणे-उघडणे आणि एक पान छापणे, हे सर्व तपासावे.

• रॅम पाहावी. लिनक्स मिंटला किमान २ जीबी लागते, ४ जीबी सुचवली जाते. ब्राउझरमध्ये अनेक टॅब उघडायचे असतील तर ४ जीबीही कमी वाटू शकते. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवल्याने वेग लक्षणीय वाढतो.

• वायफाय चालत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून ‘टेदरिंग’ चालू करावे. त्याने इंटरनेट मिळते आणि पुढचा ड्रायव्हर उतरवता येतो.

मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून जुना लॅपटॉप घेताना खिशात असा पेनड्राइव्ह असेल, तर व्यवहार होण्यापूर्वीच दहा मिनिटांत बरेच काही कळते. नुसते वायफाय कार्ड बदलण्याचा विचार असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस कंपनीने ठरवलेलीच कार्डे स्वीकारते, दुसरे घातले तर संगणक सुरू होण्यासच नकार देतो.

शाळा किंवा संस्थांना हे काम तुलनेने सोपे आहे. एकाच खरेदीतील यंत्रे साधारणपणे सारखी असतात. त्यातील एक-दोन नीट तपासली आणि उरलेल्यांच्या चिपांचे क्रमांक जुळतात हे पाहिले, की बाकीच्यांचे उत्तर मिळते. केरळमधील सरकारी शाळांत ‘काइट’ या संस्थेमार्फत उबुंटूवर आधारित प्रणाली वर्षानुवर्षे वापरली जाते. भारतात पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही प्रणालीही विकसित केली आहे. मात्र प्रणाली कोणतीही असली तरी आतला कर्नेल लिनक्सचाच असल्याने चिपांची तपासणी टळत नाही.

आपली नोंद महत्त्वाची का?

या याद्यांतील सर्वात मोठी उणीव म्हणजे त्यात गाजलेल्या मॉडेलांची गर्दी असते आणि भारतात विकल्या गेलेल्या स्वस्त लॅपटॉपांच्या, स्थानिक प्रिंटरांच्या नोंदी विरळ असतात. कंपनी त्या लिहिणार नाही, कारण विक्री केव्हाच संपली. परदेशातील विकासक लिहू शकणार नाही, कारण ते यंत्र त्याच्या टेबलावर कधी आलेलेच नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे तोच ती लिहू शकतो. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नसते. मॉडेल आणि त्याची आवृत्ती, चिपांचे क्रमांक, लिनक्स आणि कर्नेलची आवृत्ती, तारीख, काय चालले, काय चालले नाही आणि चालवण्यासाठी काय करावे लागले, एवढे सात मुद्दे पुरतात.

यात ‘चालले नाही’ ही नोंद ‘चालले’ इतकीच मोलाची आहे. ज्याचे सगळे सुरळीत होते तो पुढच्या कामाला लागतो, ज्याचे अडते तो वैतागून विंडोजकडे परततो आणि दोघांच्याही अनुभवाची नोंद राहत नाही. मग तेच मॉडेल घेऊन बसलेला तिसरा माणूस पुन्हा शून्यापासून सुरुवात करतो. विंडोज १० वरचे सगळेच संगणक लिनक्समुळे वाचतील असे नाही. काहींचे वायफाय अडेल, काहींचे सहीचे टोकन, काहींची बॅटरीच संपलेली असेल. पण कोणते वाचू शकतात, हे डिस्क पुसून झाल्यावर नव्हे, तर त्याआधी कळायला हवे. ते कळते ते आधी कुणीतरी तारीख घालून लिहून ठेवलेल्या चार ओळींमुळे.